खेळणाऱ्याला भेट काय द्यावी: सुरुवात किटबॅगेपासून

खेळाची आवड असलेल्या माणसाला भेट देणं वरवर सोपं वाटतं. बॅडमिंटन खेळतो ना, मग रॅकेट द्या. धावते ना, मग शूज द्या. अशा भेटी बऱ्याचदा हसतमुखाने घेतल्या जातात आणि कपाटात जातात. कारण साधं आहे. नियमित खेळणाऱ्याकडे मुख्य साधन आधीच असतं आणि त्यावर त्याचा हात बसलेला असतो. मूठ दोन मिलिमीटरने जाड झाली किंवा वजन पाच ग्रॅमने वाढलं तरी त्याला लगेच कळतं. देणाऱ्याला मात्र दुकानात दोन्ही वस्तू सारख्याच दिसतात.

म्हणून एक नियम आधीच ठरवून टाका: जे अंगाला, हाताला, पायाला बसावं लागतं ते खेळणाऱ्याने निवडावं, जे झिजतं, संपतं, फुटतं किंवा हरवतं ते तुम्ही द्यावं. याला अपवाद आहेत आणि ते पुढे येतीलच. पण कुठल्याही दुकानात शिरण्याआधी हा नियम हाताशी असला की निम्म्या चुका टळतात.

पायरी १: खेळतो, बघतो की दोन्ही?

"क्रिकेटचा वेडा" म्हणजे रविवारी पॅड बांधून उतरणारा, की प्रत्येक मालिकेचे आकडे तोंडपाठ असणारा? पहिल्याला संघाची जर्सी फारशी कामाची नाही, दुसऱ्याला बॅटिंग ग्लोव्ह्जचं काय करायचं हा प्रश्न पडेल. दोन्ही असेल तर खेळण्याची वस्तू निवडा, कारण ती वापरात राहते.

खेळणाऱ्यांतही पातळी बघावी लागते. नुकतीच सुरुवात करणाऱ्याकडे बऱ्याच गोष्टी नसतात, त्यामुळे तिथे मुख्य साधन देणं चालतं, उलट बरं पडतं. आठवड्यातून चार दिवस खेळणाऱ्याला साधन देऊ नये, पण तो उपभोग्य वस्तू भराभर संपवतो. स्पर्धेत उतरणाऱ्याला त्या खेळाचे नियम लागू होतात. त्याच्या चेंडूवर, रबरवर किंवा हेल्मेटवर योग्य मान्यतेची खूण नसेल तर ती वस्तू सरावापुरतीच उरते.

पायरी २: किटबॅग वाचा

थेट विचारलं की "काही नको" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा बॅग बघा किंवा घरातल्या कुणाला तरी फोटो काढून पाठवायला सांगा. बहुतेक माहिती वस्तूंवरच छापलेली असते:

- बुटाची जीभ आतून उलटी केली की लेबल दिसतं. यूके, यूएस, ईयू हे आकडे कंपनीगणिक सरकतात, त्यामुळे सेंटिमीटरमधला आकडा टिपून घ्या. मॉडेलचं नाव आणि त्यापुढचा आवृत्तीचा आकडाही टिपा. आवृत्ती बदलली की साचा बदलू शकतो. जुन्या आवृत्तीत बसणारा पाय नव्या आवृत्तीत त्याच मापात आवळू शकतो.
- बॅडमिंटन रॅकेटच्या मुठीच्या वरच्या शंकूवर ४यू (वजन), जी५ (मुठीचं माप) असं काहीतरी छापलेलं असतं. त्याच्याच आसपास तारांना किती पाउंडांपर्यंत ताण चालेल तेही लिहिलेलं असतं.
- सायकलच्या टायरच्या बाजूला ७००×२८सी किंवा २८-६२२ असे आकडे असतात. ट्यूब, टायर, सुट्या ट्यूबची पिशवी, सगळं या आकड्यांवर ठरतं.
- पोहण्याच्या गॉगलच्या काचा पारदर्शक आहेत, रंगीत आहेत, की नंबरच्या?
- बॅटवर साइज लिहिलेला असतो. तो नसला तर बॅटची लांबी मोजा.

एवढं करताना काय झिजलंय तेही दिसतं. ग्रिप काळवंडून गुळगुळीत झालीय, मोज्याला टाचेत भोक पडलंय, पाण्याच्या बाटलीचं झाकण गळतंय, बॅगेची चेन पिनेने लावलीय. नेमकी ही यादी भेटीची यादी असते. माणूस महागाचं साधन स्वतः घेतो, पण फाटक्या बॅगेत वर्षभर सामान वाहतो, कारण "खेळता तर येतंय ना" असं त्याला वाटतं.

हाही तपशील बघा: खेळाडू डावरा आहे का? बॅटिंग ग्लोव्ह्जच्या जोडीत खालच्या हाताच्या अंगठ्याला जादा संरक्षण असतं. उजवा आणि डावरा फलंदाज यांच्या जोड्या त्यामुळेच वेगळ्या असतात. पॅड्सचंही तेच.

पायरी ३: संपणाऱ्या वस्तू आधी बघा

भेट म्हणून या फिक्या वाटतात. पण खेळणाऱ्याच्या हातात दर आठवड्याला पडतात त्या याच. एकेक सुटी द्यायला संकोच वाटत असेल तर तीन महिन्यांचा साठा एकत्र बांधा. तो देखणाही दिसतो आणि पूर्ण वापरलाही जातो.

बॅडमिंटनचं उदाहरण जरा तपशिलाने घेऊ, कारण यात चुका सर्वांत जास्त होतात. शटल दोन प्रकारची: पिसांची आणि नायलॉनची. क्लबमध्ये पिसांनी खेळणाऱ्याला नायलॉनचा डबा देऊ नका. उलट, मोकळ्या मैदानात मजेखातर खेळणाऱ्याची पिसांची शटल अर्ध्या तासात मोडतात. पिसांच्या शटलला १६ पिसं असतात आणि वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. डब्यावर ७६, ७७, ७८ असा वेगाचा आकडा असतो. हवा गरम असेल किंवा जागा समुद्रसपाटीपासून उंच असेल तर शटल जास्त लांब जातं, तिथे लहान आकडा लागतो. थंड हवेत मोठा. नायलॉनच्या शटलला हेच रंगाच्या पट्टीने दाखवतात: हिरवी मंद, निळी मध्यम, लाल जलद. खेळाडू ज्या हॉलमध्ये खेळतो तिथल्या रिकाम्या डब्यावरचा आकडा बघून तोच घ्या. पिसांचे डबे वर्षभराचे एकदम घेऊ नका. कोरड्या हवेत पिसं ठिसूळ होतात आणि पहिल्याच स्मॅशला तुटतात.

ओव्हरग्रिप ही सर्वांत सुरक्षित भेट. मूळ ग्रिपवर गुंडाळायची ही पातळ पट्टी साधारण ०.६ मिलिमीटर जाडीची असते. नियमित खेळणारा ती दर एक-दोन आठवड्यांनी बदलतो. हाताला घाम फार येत असेल तर कोरड्या पोताची, नसेल तर चिकट पोताची. टॉवेल ग्रिप मात्र विचारल्याशिवाय देऊ नका. ती जाड असते आणि ज्याला सवय नाही त्याला रॅकेट वेगळंच वाटतं.

गट, म्हणजे रॅकेटची तार, देणंही चालतं. एका रॅकेटला १० मीटर गट पुरतो. जाडी सहसा ०.६५ ते ०.७० मिलिमीटरच्या दरम्यान असते. बारीक गट फटक्याला चटकदार, पण लवकर तुटतो. जाड गट टिकतो. आधीचं पाकीट मिळालं तर तोच घ्या. त्याहून चांगलं म्हणजे गटिंगचे पैसे आधीच भरून द्यायचे. ताण किती हे खेळाडू स्वतः सांगेल. सर्वसाधारण खेळाडूला २० ते २४ पाउंड पुरतात. त्याहून जास्त ताणात फळीसारखं कडक वाटणारं रॅकेट मिळतं आणि मध्यभाग चुकला की फटका मरतो, शिवाय कोपरावरही ताण येतो.

इतर खेळांचं थोडक्यात:

क्रिकेटमध्ये बॅटिंग ग्लोव्ह्जच्या आत घालायचे सुती इनर्स, बॅटच्या मुठीच्या रबरी ग्रिप्स, कडांना लावायची फायबर टेप. ग्रिप देताना ती चढवायचा शंकूही द्या, नाहीतर ती नुसत्या हाताने चढत नाही. लेदर बॉल देताना वजन बघा: पुरुषांचा १५६ ते १६३ ग्रॅम, महिलांचा १४० ते १५१ ग्रॅम. सामन्यासाठी चार तुकड्यांचा चेंडू, नेटसाठी दोन तुकड्यांचा पुरतो.

टेबल टेनिसचा चेंडू ४०+ मिलिमीटर, २.७ ग्रॅम, आणि स्पर्धेसाठी तीन तारे. बॅटचं रबर स्वच्छ करायचा फेस, स्पंज आणि वरून चिकटवायची संरक्षक फिल्म हा छोटा संच बहुतेकांकडे नसतो. धूळ बसली की रबर घसरतं आणि स्पिन जातो, म्हणून तो खरंच वापरला जातो. रबर मात्र देऊ नका. स्पंजची जाडी, कडकपणा, कुठल्या बाजूला कुठलं, हे सगळं खेळण्याच्या ढंगावर असतं.

टेनिसचे चेंडू हवाबंद डब्यात असतात. डबा उघडला की आतला दाब हळूहळू कमी होतो आणि दोन-चार आठवड्यांत चेंडू मरगळतात. म्हणून एकच मोठा डबा देण्यापेक्षा तीन-चारचे अनेक डबे द्या.

सायकलवाल्याला दोन सुट्या ट्यूब, पंक्चरचे पॅच, टायर काढायचे प्लास्टिकचे लिव्हर आणि ४, ५, ६ मिलिमीटरच्या ॲलन चाव्या व टी२५ (ताऱ्याच्या आकाराचं टोक) असलेला मल्टिटूल. ट्यूब घेताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. पहिली, रिमचा आकडा (२८-६२२ मधला दुसरा): ६२२, ५८४ आणि ५५९ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दुसरी, रुंदीचा पल्ला: २८ च्या टायरला २५–३२ लिहिलेली ट्यूब चालते. तिसरी, व्हॉल्व्ह. बारीक, टोकाला फिरणारी नळी असेल तो प्रेस्टा, मोटारीच्या टायरसारखा जाड असेल तो श्रेडर. प्रेस्टासाठीच्या रिमच्या भोकात श्रेडर शिरतच नाही. रिम खोल असेल तर लांब व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर पंप पकडायला टोकच उरत नाही. आणि टायर ट्यूबलेस असतील तर सीलंटची बाटली जास्त कामाची.

धावणाऱ्याला मोजे. हसू येईल, पण सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओला कपडा कातडीवर घासतो आणि फोड येतो. पॉलिस्टर-नायलॉनचे किंवा मेरिनो लोकरीचे, डावा-उजवा वेगळा असलेले, टाचेत पक्के बसणारे तीन-चार जोड द्या. पहाटे किंवा रात्री धावणाऱ्याला डोक्याचा दिवा द्या: रस्त्यासाठी २०० ल्युमेनच्या आसपास पुरतो, पायवाटेवर ३०० किंवा जास्त. दिवा घेताना ल्युमेनपेक्षा तो डोक्यावर उड्या मारतो का ते बघा. मागे बॅटरीचा समतोल नसलेला जड दिवा कपाळावर आपटत राहतो.

पायरी ४: मुख्य साधनच द्यायचं असेल तर

कधी कधी मोठी भेट द्यायची असते, आणि ती मुख्य साधनाचीच द्यायची असते. त्याला दोन मार्ग आहेत. एक, आत्ता जे वापरात आहे त्याचीच नवी प्रत: तेच मॉडेल, तेच वजन, तीच मूठ. हातातल्या रॅकेटचा गट सामन्यात तुटला तर हाताशी जोडीचं रॅकेट असणं हे कुणालाही हवं असतं. दुसरा मार्ग, खेळाडूला दुकानात नेऊन निवडू द्यायचं आणि बिल तुम्ही भरायचं. आश्चर्याचा धक्का जातो, पण वस्तू वापरात येते. आम्ही दुसऱ्याच मार्गाच्या बाजूने आहोत.

तरीही स्वतः निवडायचीच असेल तर निदान बॅट आणि बूट यांचे तपशील माहीत असू द्या.

*बॅट.* आधी चेंडू कुठला ते विचारा. टेनिस बॉलची बॅट आणि लेदर बॉलची बॅट वेगळी असते. टेनिस बॉलच्या हलक्या बॅटने लेदर बॉल मारला की ती चिरते. लेदर बॉलसाठी इंग्लिश विलो किंवा काश्मीर विलो हे लाकूड. इंग्लिश हलकं आणि उसळी चांगली, काश्मीर जड आणि शिकणाऱ्याला पुरेसं. प्रौढांच्या बहुतेक बॅटी 'शॉर्ट हँडल' मापाच्या असतात, साधारण १७० ते १८८ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला त्या बसतात. वजन सहसा ११०० ते १२०० ग्रॅमच्या दरम्यान. हौसेपोटी जड बॅट घेणं ही नेहमीची चूक: नाकापेक्षा मोती जड. कसोटी सोपी आहे. बॅट फक्त वरच्या हाताने धरून सरळ मागे उचलायला सांगा. मनगट वाकडं होत असेल किंवा बॅट फिरत असेल तर ती जड आहे. काट्यावरचं वजन सारखं असूनही एक बॅट हलकी आणि दुसरी जड वाटू शकते, कारण लाकडाचा फुगवटा खाली आहे की मधे यावर ते अवलंबून असतं. पात्यावरच्या लाकडाच्या सरळ समांतर रेषा सहा ते बाराच्या दरम्यान असाव्यात. रेषा जास्त असलेली बॅट लवकर चांगली लागते, पण टिकते कमी. रेषांवर फार पैसे घालवू नका, गाठी आणि चिरा नाहीत ना हे बघा.

नवी बॅट तशीच देऊ नका, किंवा दिली तर सोबत सामान द्या: कच्चं जवसाचं तेल, मऊ कापड आणि लाकडी हातोडी. बॅटचं नॉकिंग, म्हणजे ठोकून लाकूड घट्ट करणं, असं करतात:

१. चमचाभर तेल पुढच्या बाजूला, कडांना आणि खालच्या टोकाला पातळ चोळायचं. मूठ जिथे पात्यात बसवलेली असते त्या खाचेला आणि स्टिकरवर तेल लावायचं नाही, कारण तेलाने तिथला गोंद सैल होतो. पात्यावर आधीच पारदर्शक फिल्म चिकटवलेली असेल तर त्यावरही नाही.
२. बॅट आडवी ठेवून दिवसभर मुरू द्यायची. असे दोन-तीन हात. जास्त तेल पाजलं की बॅट जड आणि मरगळलेली होते.
३. मग हातोडीने हलके ठोके, चेंडू लागतो त्या भागावर. हळूहळू जोर वाढवायचा. कडांवर सरळ घाव घालायचा नाही. तिरप्या, निसटत्या ठोक्यांनी कड गोलसर करायची. खालच्या टोकावर अजिबात ठोकायचं नाही.
४. एकूण सुमारे सहा तास, अनेक बैठकांत. नंतर जुन्या, मऊ पडलेल्या चेंडूने हलके फटके. चेंडूच्या शिवणीचे खोल वण उठत असतील तर अजून ठोकायची आहे.

दुकानात "आधीच नॉक केलेली आहे" म्हणाले तरी तास-दोन तास घरी लागतातच. हा भाग वगळला की पहिल्याच यॉर्करला टोकाचा तुकडा उडतो, आणि तो दोष बॅटचा नसतो.

*बूट.* माप संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहायचं, दोन्ही पायांच्या सर्वांत लांब बोटापर्यंत सेंटिमीटर मोजायचे, मोठा आकडा धरायचा. धावण्याच्या बुटात त्यापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे एक सेंटिमीटर किंवा थोडी जास्त जागा हवी. उतारावर पाय पुढे सरकतो आणि जागा नसेल तर नखं काळी पडतात. कोर्टवरच्या खेळात मात्र एवढी जागा नको, पाय आत सरकला की वळताना घोटा मुरगळतो. याच कारणाने धावण्याचे बूट बॅडमिंटनला देऊ नका. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला उडी घेतली की बूट पालथा पडतो. बॅडमिंटनला सपाट, गम रबराचा, कोर्टवर डाग न पडणारा तळ लागतो.

फुटबॉलच्या बुटांत मैदान विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. एफजी कडक नैसर्गिक गवताला, एसजी ओल्या मऊ मैदानाला, एजी कृत्रिम गवताला, टीएफ छोट्या टर्फला. एफजीचे लांब स्टड कृत्रिम गवतात अडकतात, अंग वळतं पण पाय वळत नाही, आणि भार गुडघ्यावर येतो. हल्ली बहुतेक हौशी खेळाडू टर्फवर खेळतात आणि दुकानात मात्र सर्वांत देखणे बूट एफजीचे असतात. घोळ इथेच होतो.

धावण्याच्या बुटांचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर. सवलतीत मिळतात म्हणून तीन जोड एकदम देऊ नका, आतला फोम पडून पडूनही कडक होतो.

जी साधनं फक्त खेळाडूनेच निवडावीत ती अशी: सायकलची सीट (बसण्याच्या हाडांमधल्या अंतरावर ती ठरते), टेबल टेनिसचं रबर, आणि बुटाच्या आतले खास इनसोल.

घड्याळ आणि पट्टे

जीपीएस घड्याळ द्यायचं तर तो माणूस आत्ता कुठल्या कंपनीचं ॲप वापरतो ते बघा. चार वर्षांच्या धावांची नोंद एका ठिकाणी असते, घड्याळ बदललं की ती सगळी हलवावी लागते. त्यामुळे कंपनी तीच ठेवा. घड्याळ आधीच असेल तर छातीला बांधायचा हृदयगतीचा पट्टा उत्तम. मनगटावरचा प्रकाशाने मोजणारा सेन्सर थंडीत, मनगट वाकवलेलं असताना आणि वेग झटकन बदलताना चुकतो. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत पकडतो, म्हणून अधिक नेमका असतो. ब्लूटूथ आणि एएनटी+ (बिनतारी जोडणीचाच दुसरा प्रकार) दोन्ही असलेला घ्या, म्हणजे फोन, घड्याळ, सायकलचा काँप्युटर सगळ्याला जोडता येतो. सोबत नाण्याच्या आकाराचा एक जादा सेल ठेवा. पट्टा बिघडला असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा सेल संपलेला असतो किंवा इलेक्ट्रोड कोरडे असतात.

हेल्मेट, गॉगल आणि लहान मुलं

संरक्षणाची वस्तू नेहमी नवी, आणि सुरक्षा मानकाची खूण बघून. सायकल हेल्मेटवर ईएन १०७८ किंवा सीपीएससी, क्रिकेट हेल्मेटवर बीएस ७९२८:२०१३. माप डोक्याच्या घेराचं: भुवयांच्या वर दोन सेंटिमीटरवर टेप फिरवून मोजायचं. पट्टा न लावता डोकं हलवलं तर हेल्मेट सरकता कामा नये. एकदा जोराने आपटलेलं सायकल हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो. म्हणून वापरलेलं कितीही चांगलं दिसलं तरी देऊ नका.

पोहण्याचा गॉगल विकत घेण्याआधी पट्टा न लावता डोळ्यांवर हलका दाबून बघतात. दोन-तीन सेकंद तो चिकटून राहिला तर बसतो. हे दुसऱ्यासाठी करता येत नाही, त्यामुळे तेच मॉडेल घ्या किंवा बदलून मिळेल अशा ठिकाणाहून घ्या. उघड्या तलावाला रंगीत किंवा आरशासारखी काच, बंद तलावाला पारदर्शक. टोपी सिलिकॉनची घ्या, लेटेक्सची काहींना ॲलर्जी असते.

मुलांना "वाढत्या अंगाचं" देऊ नका. मोठी बॅट मूल उचलू शकत नाही, मग ते ती आडवी फिरवायला शिकतं आणि तीच सवय राहते. फुटबॉल आठ वर्षांखाली ३ नंबर, आठ ते बारा ४ नंबर, पुढे ५ नंबर, म्हणजे ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा. टेनिसला लाल, नारिंगी, हिरवे असे मंद चेंडू मुलांसाठीच केलेले असतात. लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्यापेक्षा सुमारे ७५ टक्के मंद, नारिंगी ५०, हिरवा २५. सहा वर्षांच्या मुलाला पिवळा चेंडू दिला तर तो डोक्यावरून जातो आणि खेळही जातो.

पावडरी आणि गोळ्या नकोत

प्रोटीन, प्री-वर्कआउट, "रिकव्हरी" असलं काही भेट देऊ नका. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूच्या नमुन्यात बंदी असलेला पदार्थ सापडला तर तो कुठून आला यापेक्षा तो सापडला हेच धरलं जातं. डब्यावर न छापलेले पदार्थ मिसळलेले असू शकतात. 'वाडा'ची (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची) बंदी असलेल्या पदार्थांची यादी दर वर्षी १ जानेवारीपासून नवी लागू होते. खेळाडूने स्वतःच मागितलं असेल तर 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' अशी खूण असलेलंच घ्या.

बघणाऱ्याची भेट

जर्सी दोन प्रकारची मिळते. खेळाडूंच्या प्रतीची अंगाला चिकटून बसते, तिचं चिन्ह उष्णतेने चिकटवलेलं असतं आणि इस्त्री लागली की ते उकलतं. चाहत्यांची प्रत सैल, चिन्ह शिवलेलं, धुवायला सोपी. रोज घालणाऱ्याला दुसरीच द्या. पहिली द्यायची तर एक माप वर घ्या. पाठीवर नाव छापून घेण्याआधी दोनदा विचार करा: खेळाडू संघ सोडून जातो, आणि छापलेली जर्सी दुकान परत घेत नाही. निवृत्त खेळाडूचं नाव त्या मानाने सुरक्षित. आतल्या छोट्या लेबलवर उत्पादनाचा क्रमांक असतो. तो शोधून बघा. दुसऱ्याच रंगाची जर्सी किंवा बूट समोर आले तर माल नकली आहे.

स्वाक्षरीची बॅट, फोटो किंवा चेंडू यात फसवणूक सर्वांत जास्त. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. छापील सही ठिपक्यांची बनलेली दिसते. खऱ्या पेनाच्या सहीत रेघ रेघेला ओलांडते तिथे शाई गडद साचते, आणि तिरक्या उजेडात कागदावर पेनाचा दाब दिसतो. यंत्राने केलेल्या सहीत दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा असतो. एकाच खेळाडूच्या दोन सह्या एकमेकींवर तंतोतंत बसत असतील तर त्या हाताने केलेल्या नाहीत. नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही, प्रमाणपत्रही छापता येतं. सही केव्हा, कुठे घेतली याचा फोटो किंवा नोंद मागा.

फ्रेम करायची असेल तर जर्सी चिकटवू नका, मागच्या आम्लमुक्त पुठ्ठ्यावर टाके घालून बसवा. समोर अतिनील किरण अडवणारी काच लावा आणि खिडकीसमोर टांगू नका. शाईच्या सह्या उन्हात सर्वांत आधी उडतात.

तिकीट देणार असाल तर नाव नोंदवावं लागतं का, दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, पाऊस पडला तर पैसे मिळतात का हे आधी वाचा. आणि दोन तिकिटं द्या.

वस्तूऐवजी सेवा

सायकलची पूर्ण सर्व्हिसिंग, प्रशिक्षकाबरोबरची एक-दोन सत्रं, क्लबचं कोर्टभाडं, फिजिओथेरपिस्टकडची तपासणी, पोहण्याच्या शैलीचं चित्रण करून चुका दाखवणारा तास. सगळं असणाऱ्याला हे आवडतं. शर्यतीचं नाव मात्र परस्पर नोंदवू नका. अंतर, तारीख आणि तयारी त्याची त्याला माहीत असते. शिवाय बऱ्याच शर्यतींत नोंदणी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि अर्जात आणीबाणीचा संपर्क व आजारांची माहिती विचारतात.

घेताना आणि देताना

बिल ठेवा आणि माप बदलून किती दिवसांत मिळेल ते विचारा. बूट, जर्सी, हेल्मेट याबाबत ही मुदत भेटीच्या दिवसापासून नाही, खरेदीच्या दिवसापासून मोजतात. महिनाभर आधी घेऊन ठेवलं की मुदत संपलेली असते. बूट बदलायचे असतील तर ते फक्त घरात, फरशीवर घालून बघायला सांगा. तळाला माती लागली की दुकान हात झटकतं.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नवं साधन देऊ नका. मोह होतो आणि नवे बूट शर्यतीत घातले जातात. निदान तीन-चार आठवडे आधी द्या, नाहीतर स्पर्धा होऊन जाऊ द्या.

फुटबॉल हवा काढून बांधला तरी चालतो, पण सोबत पंप आणि दोन सुया द्या. सुई आत घालण्याआधी ओली करायची, कोरडी घातली की व्हॉल्व्ह फाटतो. बॅट आणि रॅकेट बंद गाडीत उन्हात ठेवू नका: लाकूड सुकून चिरतं आणि गट सैल पडतो. गोलकीपरचे हातमोजे दिले तर पहिल्या सामन्याआधी कोमट पाण्यात धुवायचे असतात आणि वापरताना तळवे किंचित ओले ठेवायचे असतात, ही चिठ्ठी आत टाका. कोरडं लेटेक्स चेंडू धरत नाही, आणि पहिला गोल सुटला की दोष हातमोज्यांवर जातो.